बोटांचें लाघव

गेल्या श्रावणापासून माझा उजवा हात थरथरूं लागला. जुन्या स्तोत्रांचीं टिपणें व घराण्याची वंशावळ संगणकावर उतरून ठेवण्याचें काम मीं हातीं घेतलें होतें. परंतु पडद्यावरचें चिमुकलें चित्र माऊसच्या बाणानें गाठावें व लागोपाठ दोन टिचक्या माराव्या, तर दुसऱ्या टिचकीपर्यंत बाण भलतीकडेच सरके. काम सोडून द्यावें, असें मनाशीं जवळजवळ ठरलें होतें.

नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही माऊसला हात तरी कशाला लावतां? विंडोजची कळ दाबा आणि नांवाचीं दोन-चार अक्षरें लिहा." करून पाहिलें. 'नोट' एवढें उमटतांच 'नोटपॅड' पुढें येऊन उभें. एंटर दाबला कीं उघडलें!

ॲपलच्या यंत्रांत ही सोय 'स्पॉटलाइट' या नांवानें २००५ पासून आहे. तेथें कमांड व स्पेस या कळा एकत्र दाबतात. त्याच यंत्रांसाठीं २००३ मध्यें 'क्विकसिल्व्हर' निघालें होतें. विंडोजकरितां मायक्रोसॉफ्टनें २०२० मध्यें 'पॉवरटॉइज रन' विनामूल्य दिलें. तें ऑल्ट व स्पेस यांनीं उघडतें, आणि बरोबरीचें चिन्ह देऊन बेरीज लिहिली तर उत्तरही तेथेंच मिळतें.

क्विकसिल्व्हर तर आपण नेहमीं वापरतों तीं संक्षिप्त अक्षरें ध्यानांत ठेवतें. ही पाणिनीच्या प्रत्याहारांचीच युक्ति! चौदा सूत्रांची मांडणी एकदां झाली, कीं 'अच्' म्हणतांच सारे स्वर हजर, 'हल्' म्हणतांच सारीं व्यंजनें. या तुलनेला सूनबाई हंसल्या, ती गोष्ट निराळी.

खोडा एकच. कळफलक मराठीवर असतां इंग्रजी नांव लिहूं गेल्यास भलतींच देवनागरी अक्षरें उमटतात व कांहींच सांपडत नाहीं. आधीं विंडोजची कळ धरून स्पेस दाबावी, म्हणजे भाषा पालटते. पहिले आठ दिवस मी हें विसरत होतों आणि उगाच यंत्राला बोल लावीत होतों. शेवटीं टिपणांच्या फायलींनाच मराठी नांवें दिलीं: 'स्तोत्रें', 'वंशावळ', 'औषधें'. 'नवीन १', 'नवीन २' असलीं पूर्वींचीं नांवें मलाच आठवत नसत. मग यंत्रानें तरी काय शोधावें?

सूनबाई अजून माऊसच वापरतात. "मला नांव नाहीं आठवत, चित्र आठवतें," असें त्यांचें म्हणणें. आणि तेंही खोटें नाहीं. माझें मात्र काल रात्रीं वंशावळीचें राहिलेलें पान पुरें झालें. माझा माऊस सध्यां नातवाच्या मेजावर आहे.