फिल्म अडली तरी मूळ चित्रण पुसू नका



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी आईबापाचे बोट धरून तेथे आलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. अशा वडीलधाऱ्यांच्या आठवणी मोबाईलवर टिपून ठेवणे हे फार मोलाचे काम आहे. ज्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही, त्यांचा इतिहास त्यांच्या तोंडीच राहिला. आजी गेली की तोही गेला.

परंतु या कामात एक अडचण हटकून येते. तुकडे जुळवून झाले, आता एक सलग फिल्म काढायची म्हणून बटन दाबले की काम अर्ध्यावर बंद पडते. यालाच मुले 'रेंडर अडकले' म्हणतात. मग कंटाळून काम सोडले जाते आणि मोबाईलमध्ये जागा हवी म्हणून मूळ चित्रणही पुसले जाते. खरे नुकसान होते ते इथे. रेंडर दहा वेळा करता येते. आजीचे बोलणे पुन्हा मिळेलच असे नाही.

आम्ही इथे 'शॉटकट' या प्रोग्रामविषयी सांगतो. तो फुकट मिळतो, विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतो आणि फिल्मवर आपला शिक्का उमटवीत नाही. चोरीची कॉपी वापरण्याचे कारणच उरत नाही.

पहिली गोष्ट, प्रोजेक्टची फाईल म्हणजे फिल्म नव्हे. तिला कीर्दवही समजा. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा, एवढीच नोंद तिच्यात असते. व्हाउचरे, म्हणजे मूळ चित्रण, वेगळ्या जागी असतात. ती हलवली किंवा त्यांचे नाव बदलले की हिशेब जुळत नाही. म्हणून आधी सर्व चित्रण कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये उतरवा, मगच कामाला बसा.

दुसरी गोष्ट आवाजाची. फिल्ममध्ये ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात, अशी तक्रार असते. मोबाईल दर सेकंदाला सारखीच चित्रे घेत नाही. उजेड कमी झाला की संख्या बदलते. फिल्म मात्र ठरावीक गतीने बांधली जाते, म्हणून मेळ बिघडतो. असे चित्रण उघडताच ते 'कन्व्हर्ट' करायचे का, असे शॉटकट विचारतो. त्याला होकार द्या. नवी प्रत आकाराने मोठी होते, तेव्हा डिस्कवर पुरेशी जागा ठेवा.

तिसरी गोष्ट, काम मध्येच थांबले तर किती टक्क्यांवर थांबले ते लिहून ठेवा. 'जॉब्ज' यादीत त्या कामावर माऊसचे उजवे बटन दाबून 'व्ह्यू लॉग' उघडले की काय बिघडले त्याची नोंद दिसते. दर वेळी एकाच जागी थांबत असेल, तर बहुधा तेथील तुकडा किंवा इफेक्ट सदोष असतो. तो काढून पाहा. थांबण्याची जागा बदलत असेल, तर कॉम्प्युटरवर ताण पडतो आहे असे समजा. इतर प्रोग्राम बंद करा आणि एक्स्पोर्टमधील 'यूज हार्डवेअर एन्कोडर' या चौकटीतली खूण काढा. वेळ जास्त लागेल, पण काम तडीस जाण्याचा संभव वाढतो.

चौथी गोष्ट, फिल्म थेट पेनड्राईव्हवर काढू नका. पुष्कळ पेनड्राईव्ह 'फॅट ३२' पद्धतीचे असतात. ते ३२ जीबीचे असले तरी त्यांवर ४ जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. आधी हार्डडिस्कवर काढा, मग उतरवा.

तासाभराची फिल्म काढण्यापूर्वी एक मिनिटाचा तुकडा काढून पाहावा, म्हणजे अख्खी रात्र वाया जात नाही.

विहाराच्या मंडळांना आमची विनंती आहे. प्रत्येक चित्रणाला बोलणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लावा. मूळ चित्रणाच्या दोन प्रती ठेवा, एक विहाराच्या कपाटात आणि दुसरी एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी. दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय मोबाईल मोकळा करू नका. आयाबहिणींनीही मुलांच्या मागे हा तगादा लावावा. फिल्म जयंतीला दाखवता आली नाही, तर वर्षावासात दाखवू. तोवर आजीचे बोलणे मात्र जपलेले असले पाहिजे.