वाय-फायचे कुलूप आणि ओटीपीचा भ्रम

शेगाव, मलकापूरसारख्या रेल्वे स्थानकांवर मोफत वाय-फायची पद्धत आता सवयीची झाली आहे. मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी भरायचा की इंटरनेट सुरू. ओटीपी मागितला म्हणजे जोडणी सुरक्षित, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ओटीपीमुळे कोण जोडले गेले याची केवळ नोंद होते. हवेतून जाणारी माहिती त्यामुळे सांकेतिक रूपात बदलत नाही. बँकेची किंवा मोठ्या संकेतस्थळांची माहिती त्यांच्या स्वतःच्या कुलपामुळे झाकलेली राहते. पण वाय-फायचे दार मात्र उघडेच असते.

उघड्या दाराची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या असुरक्षित वाय-फायवरून. त्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, तरी चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागला.

कुलूप लावले तरी ते कोणते, हा पुढचा प्रश्न. १९९७ मध्ये आलेली ‘वेप’ ही पद्धत २००१ मध्येच कमकुवत ठरली. आज ती काही मिनिटांत फोडता येते. २००३ चे ‘डब्ल्यूपीए’ ही तात्पुरती डागडुजी होती. २००४ मध्ये आलेले ‘डब्ल्यूपीए-२’ ‘एईएस’ या भक्कम पद्धतीवर उभे आहे. २०१७ मध्ये त्यातही त्रुटी सापडली, पण ती सॉफ्टवेअर अद्ययावत करून बुजवता येते. त्याची खरी दुखरी नस म्हणजे पासवर्ड. जोडणीच्या वेळचे संदेश टिपून घेतले, की हल्लेखोर घरी बसून लाखो पासवर्ड ताडून पाहू शकतो. दवाखान्याचे नाव किंवा मोबाइल क्रमांक हाच पासवर्ड असेल, तर काम आणखी सोपे. २०१८ च्या ‘डब्ल्यूपीए-३’ ने हा मार्ग बंद केला. तेथे प्रत्येक अंदाजासाठी नेटवर्कशीच संपर्क साधावा लागतो.

हा विषय आरोग्याशी थेट जोडलेला आहे. बुलढाणा, खामगाव, चिखलीच्या दवाखान्यांत आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये रुग्णांचे अहवाल संगणकावर असतात. प्रतीक्षागृहात भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड आणि अहवालांचा संगणक एकाच नेटवर्कवर असेल, तर एचआयव्ही चाचणीपासून गर्भधारणेपर्यंतची खासगी माहिती अनोळखी मोबाइलच्या टप्प्यात येते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अडचण जुन्या यंत्रांची आहे. जुना प्रिंटर ‘डब्ल्यूपीए-३’ ओळखत नाही, म्हणून सगळे नेटवर्क दुबळे ठेवले जाते. त्यापेक्षा राउटरमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२ एईएस’ ठेवून लांब, अंदाज न येणारा पासवर्ड द्यावा. राउटरचा मूळ अॅडमिन पासवर्ड बदलावा, बटण दाबून जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय बंद करावी आणि रुग्ण-नातेवाइकांसाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क द्यावे. यांपैकी बहुतेक कामांना नवा खर्च नाही. रुग्णाच्या फाइलचे कपाट बंद ठेवणारा दवाखाना एवढे सहज करू शकतो.