दहा दिवसांचे मिशन

‘मिशन’ हा शब्द ख्रिस्तसभेने फार मोठी किंमत देऊन कमावला आहे. तोच शब्द सहलीच्या पत्रकांवर, विमानभाड्याच्या आकड्याशेजारी छापलेला पाहण्याची वेळ आता आली आहे, आणि ही गोष्ट आम्हांला मुळीच रुचलेली नाही. अमेरिका, कोरिया आदी देशांतील ख्रिस्ती मंडळ्यांचे गट गेली कित्येक वर्षे आठ-दहा दिवसांची ‘मिशन यात्रा’ काढून जपानच्या खेड्यापाड्यांत जात असतात. हिवाळ्यात, नाताळच्या आगेमागे, बर्फाने झाकलेली गावे गाठायची. वृद्धांच्या दारातील बर्फ उपसायचा. समाजमंदिरात मुलांना इंग्रजी गाणी शिकवायची. दुभाष्यामार्फत आपली साक्ष द्यायची. आणि छायाचित्रे घेऊन परतायचे, असा साधारण बेत असतो. आता आपल्या कॅथॉलिक कुटुंबांतही अशा यात्रांची चर्चा सुरू झाली आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट शब्दांत मांडणे आम्हांला कर्तव्य वाटते.

वसईकरांना जपानचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर मरण पावले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना व त्यांच्या पंचवीस सोबत्यांना संतपद बहाल केले. ‘जिथे आपल्या संताने रक्त सांडले तिथे आपल्या मुलांनी दहा दिवस सेवा केली तर बिघडले कुठे?’ असा प्रश्न आईबाप विचारतात. प्रश्न भाबडा असला तरी प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही आम्ही प्रामाणिकपणे देऊ इच्छितो.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. निशिझाकाला नमन करण्यासाठी जो जातो तो यात्रेकरू. तो काही मागायला, काही शिकायला जातो. आपल्या रिकाम्या ओंजळीची त्याला जाणीव असते. मिशनरी मात्र काही द्यायला जातो आणि ते देण्याची पात्रता अंगी आणण्यासाठी आयुष्य वेचतो. यात्रेला आमचा आशीर्वाद आहे. परंतु यात्रेकरूने मिशनरी म्हणून मिरवावे, याला आमचा विरोध आहे.

दहा दिवसांचा हिशेब मांडून पाहा. जाण्यायेण्यात तीन दिवस जातात. एक दिवस थकवा घालवण्यात, एक-दोन दिवस टोकियो वा क्योटो पाहण्यात सरतात. उरले चार-पाच दिवस. त्या दिवसांत जपानच्या समुद्राकडील किनारपट्टीवर, म्हणजे निईगाता, यामागाता, अकिता या प्रांतांत, माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचलेला असतो. तेथे छपरावरचा बर्फ उतरवणे हे हौसेचे काम नव्हे. छपरावरून पडून, बर्फाखाली गाडले जाऊन किंवा श्रमाने हृदय बंद पडून दर हिवाळ्यात तेथे कित्येक माणसे दगावतात आणि त्यांत वृद्धांचीच संख्या मोठी असते. जाणते गावकरी हे काम एकट्याने करू नये म्हणतात. कंबरेला दोर बांधावा, शिरस्त्राण घालावे, खाली कुणी उभे राहावे, असा त्यांचा दंडक आहे. ज्याने जन्मात बर्फ पाहिला नाही अशा पाहुण्याच्या हाती फावडे दिले, तर त्याला सांभाळण्यासाठी दोन गावकरी खोळंबतात. मग सेवा कोणी कोणाची केली?

त्यातही जपानी शिष्टाचार असा, की मिळालेल्या भेटीची परतफेड करावीच लागते. पाहुण्याने अंगण झाडले, तर सत्तरीची म्हातारी त्याच्यासाठी स्वयंपाक करणार, जाताना हाती काहीतरी बांधून देणार. ती नको म्हणणार नाही, कारण पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्याची तेथे रीत नाही. तिच्या हास्याचे छायाचित्र मात्र ‘शुभवर्तमानाला मिळालेला प्रतिसाद’ या मथळ्याखाली कुठल्या तरी वार्तापत्रात छापले जाते. हे असत्य आहे, आणि शुभवर्तमानाच्या नावाने सांगितलेले असत्य अधिकच गंभीर होय.

तेथील ख्रिस्तसभेकडेही पाहावे. जपानच्या सुमारे साडेबारा कोटी लोकसंख्येत कॅथॉलिकांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. निईगाता धर्मप्रांतात वर सांगितलेले तीनही विस्तीर्ण प्रांत येतात, आणि तेवढ्या प्रदेशात कॅथॉलिक श्रद्धावंत काही हजारच आहेत. अकितात तर पाच माणसांत सुमारे दोन माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. एकेका धर्मगुरूला अनेक देवळे सांभाळावी लागतात. बर्फातून गाडी हाकत तो मिस्सेला जातो. त्याच्या मिस्सेला येते कोण? काही वृद्ध जपानी. १९८०च्या दशकापासून लग्न होऊन या खेड्यांत आलेल्या फिलिपिनो स्त्रिया. आणि कारखान्यांत, शेतांवर राबणारे व्हिएतनामी तरुण. या घरापासून दुरावलेल्या माणसांचे सांत्वन करायचे, की दहा दिवसांच्या पाहुण्यांसाठी वाटाड्या, दुभाष्या आणि यजमान व्हायचे? आमच्यासारख्या धर्मग्राम चालवणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही.

आता इतिहासाची साक्ष काढू. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरले. भाषा अवगत नव्हती. आंजिरो या आपल्या जपानी सोबत्याच्या भाषांतरावर विसंबून त्यांनी परमेश्वरासाठी ‘दाइनिची’ हा शब्द योजला. पुढे कळले, की ते एका बुद्धाचे नाव आहे. लोक समजत होते, की भारतातून आलेला हा साधू बौद्धमताचाच एखादा पंथ सांगत आहे. तेव्हा तो शब्द टाकून ‘देऊस’ हा शब्द त्यांनी स्वीकारला. प्रत्यक्ष झेवियरांना ही चूक उमगली ती तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्यामुळे, लोकांशी वाद घातल्यामुळे. पाचव्या दिवशी परत फिरणाऱ्याला आपली चूक कधी कळणार? तो चूक पेरून निघून जातो आणि ती उपटण्याचे काम मागे राहणाऱ्याच्या वाट्याला येते.

आमचे गोन्सालोही पाहा. किशोरवयातच ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, भाषा आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षे राबले. पुढे व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रापंचिक बंधू म्हणून दाखल झाले, आणि १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी होऊन पुन्हा जपानात आले. हिदेयोशीच्या दरबारात त्यांना नेले गेले ते त्यांच्या जपानी भाषेच्या बळावर. अटकेनंतर कानाचा लचका तोडून त्यांना सोबत्यांसह शहरातून फिरवण्यात आले आणि मग भर हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, क्योटोकडून नागासाकीपर्यंत चालवत नेण्यात आले. जपानच्या हिवाळ्यातील मिशन यात्रा आमच्या संताने केली ती ही. तिचे नाव घेऊन कोणी आठ-दहा दिवसांची सहल विकत असेल, तर वसईच्या प्रत्येक कुटुंबाने त्याला जाब विचारला पाहिजे.

पीटर किबे या जपानी पुरुषाचे चरित्रही आपल्या तरुणांनी अभ्यासावे. १६१४च्या बंदीहुकुमानंतर ते देशाबाहेर गेले. मकाववरून गोव्याला आले, तेथून खुष्कीच्या मार्गाने जेरुसलेम व रोम गाठले, आणि १६२० साली तेथे धर्मगुरू झाले. छळाच्या ऐन भरात, १६३० साली, ते मायदेशी परतले. पुढली नऊ वर्षे त्यांनी लपतछपत सेवा केली, त्यांतील शेवटची वर्षे ईशान्येकडील थंड प्रदेशात. १६३९ साली एडो येथे त्यांना ठार मारण्यात आले. नऊ वर्षांच्या सेवेसाठी सोळा वर्षांची पायपीट!

त्याच बर्फाळ प्रदेशातील योनेझावा येथे १२ जानेवारी १६२९ रोजी लुईस आमागासू यांच्यासह ५३ श्रद्धावंतांचा शिरच्छेद झाला. त्यांत स्त्रिया होत्या, लहान लेकरे होती. हे सारे प्रापंचिक लोक. धर्मगुरू क्वचितच येऊ शकत असताना त्यांनी आपली श्रद्धा आपसांत जोपासली होती. किबे व योनेझावाचे हे हुतात्मे धरून १८८ जणांना २४ नोव्हेंबर २००८ रोजी नागासाकीत धन्य घोषित करण्यात आले. ज्या बर्फावर हे रक्त सांडले आहे, त्या प्रदेशाला ‘सुवार्ता न पोहोचलेला मुलूख’ म्हणणे अज्ञानाचे आहे, आणि थोडेसे उद्धटपणाचेही.

छुप्या ख्रिस्ती लोकांची कथा सर्वश्रुत आहे. अडीचशे वर्षे धर्मगुरू नाही, मिस्सा नाही. तरी गावातला एक जण सणवारांचा हिशेब ठेवी, दुसरा स्नानसंस्कार देई, प्रार्थना तोंडातोंडी चालत. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे काही गावकरी नागासाकीच्या ओउरा येथील देवळात शिरले आणि पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे, असे त्यांनी फादर पेतिजाँ यांना विचारले. मिशनऱ्याने त्यांना शोधले नव्हते, त्यांनीच मिशनऱ्याला शोधले! त्यानंतरही उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली. त्सुवानो येथे त्यांतील काहींना हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यात बुडवून छळण्यात आले. १८७३ साली बंदी उठली तेव्हा कुठे ते घरी परतले.

पुढे १८७९ साली सोतोमे या दरिद्री किनाऱ्यावर फादर द रोत्स आले. त्यांनी देवळे बांधली. अनाथ व गरीब स्त्रियांना विणकाम, शेवया बनवणे असे धंदे शिकवले. घरची संपत्ती तेथे ओतली. १८६८ साली जपानात उतरलेला हा फ्रेंच धर्मगुरू १९१४ साली मरण पावला तो जपानातच. मायदेशी तो पुन्हा कधी गेला नाही.

आमच्याविरुद्ध जे म्हटले जाते त्याचा विचार टाळणे योग्य होणार नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९९० सालच्या ‘रेदेम्प्तोरिस मिस्सिओ’ या विश्वपत्रात तरुणांनी मिशनक्षेत्रांना भेट देण्याची प्रशंसा केली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु तेथे सेवेबरोबरच ख्रिस्ती जीवनाच्या उत्कट अनुभवाचा उल्लेख आहे, म्हणजे लाभ तरुणाला आहे. त्याच पत्रात जन्मभराच्या मिशनरी पाचारणाची थोरवी गायिली आहे, आणि भाषा व संस्कृती आत्मसात करण्याचा आग्रह आहे. एक परिच्छेद उचलून बाकीचे पत्र मिटून ठेवणे बरे नव्हे.

संत पौल गावोगाव हिंडले, असेही सांगितले जाते. हिंडले खरे, पण करिंथमध्ये ते दीड वर्ष राहिले, एफिससमध्ये सुमारे तीन वर्षे. शिवाय लोकांची ग्रीक भाषा ते अस्खलित बोलत आणि स्वतःच्या हातांनी तंबू शिवून पोट भरीत. प्रभू येशूनेही शिष्यांना पाठवताना घरोघर फिरत बसू नका, एकाच घरात राहा, पुढे येईल ते खा, अशीच आज्ञा केली होती.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ११ मार्च २०११च्या भूकंप व त्सुनामीनंतर परगावचे स्वयंसेवक थोड्या दिवसांसाठीच आले ना? आले, आणि त्यांनी मोलाचे काम केले. परंतु कोणाच्या छत्राखाली? जपानच्या ख्रिस्तसभेने किनाऱ्यावर सेवाकेंद्रे उघडली व दहा वर्षे आपद्ग्रस्तांची साथ करण्याचा निश्चय केला. स्वयंसेवक बदलत, केंद्र, तेथील माणसे आणि त्यांचा शब्द बदलत नसे. चिखल उपसून झाल्यावर चहाची किटली ठेवून म्हाताऱ्यांचे ऐकत बसणे, हेच तेथे मोठे काम होते. थोडे दिवस सार्थ होतात ते कुणाच्या तरी दीर्घ मुक्कामाच्या आधारावर. हा आधार नसेल तर ते दिवस वाऱ्यावर जातात.

तेव्हा करावे काय? ज्यांना जपानला जायचे आहे त्यांनी यात्रेकरू म्हणून खुशाल जावे. नागासाकीला, योनेझावाला गुडघे टेकावे, तेथील धर्मग्रामाच्या मिस्सेत मागच्या बाकावर बसावे आणि न बोलावता प्रवचन करू नये. ज्यांना खरोखर मिशनरी व्हायचे आहे त्यांनी तेथील बिशपांच्या संमतीने, भाषा शिकून, निदान काही वर्षांसाठी जावे. असा एक तरुण वा एक तरुणी आपल्या धर्मग्रामातून निघाली, तर तिच्या खर्चासाठी झोळी घेऊन आम्ही स्वतः दारोदार फिरू. वीस जणांच्या विमानभाड्याचा पैसा एकीला पुष्कळ वर्षे पुरेल.

आणि ज्यांना एवढे शक्य नाही, पण सेवेची तळमळ आहे, त्यांना दूर जाण्याचे कारण नाही. पावसाळा सरला, की आपल्याच जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला येतात आणि उन्हाळ्याअखेर परत जातात. त्यांची मुले सहा-सात महिने आपल्या शेजारी राहतात. त्यांची भाषा आपल्याला थोडीफार कळते आणि परतीचे तिकीटही लागत नाही. तरी त्यांच्या झोपडीपर्यंत आपल्यापैकी किती जण पोहोचले आहेत?

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे, की अशा यात्रेच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. तेथल्या ख्रिस्तसभेने आपल्या मुलांना बोलावले आहे काय? तेथल्या माणसाशी त्याच्या भाषेत दहा वाक्ये तरी त्यांना बोलता येतात काय? आणि ती परतल्यावर अकराव्या दिवशी त्या म्हातारीच्या दारातील बर्फ कोण काढणार आहे? तिन्ही प्रश्नांना उत्तर असेल तर मुलांना आनंदाने पाठवावे. नसेल तर ते पैसे व ती सुटी अधिक चांगल्या कामी लावावी, आणि ‘मिशन’ हा शब्द गोन्सालोंसारख्यांसाठी राखून ठेवावा.