एकट्याच या

परवा नात्यातल्या एका लग्नाचं बोलावणं फोनवर आलं. तारीख, कार्यालय, सगळं सांगून झाल्यावर वहिनी जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही नक्की या हं. पण... एकट्याच आलात तर बरं. मुलाकडची माणसं नवीन आहेत." मी "बघते" म्हणून फोन ठेवला. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आता लिहिते आहे. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे. राग आला तर येऊ दे.

एकटीनं यायचं, म्हणजे धाकट्या भावाला घरी ठेवून. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. १९८५ साली, बी.कॉम. झाल्या झाल्या आजार सुरू झाला. आधी मांत्रिक झाला, मग नवस झाले. "लग्न करून द्या, येईल ताळ्यावर" म्हणत एकजण तर मुलीची पत्रिकाच घेऊन आले होते. (त्या मुलीचं नशीब थोर!) या सगळ्यात दोन वर्षं गेली आणि मग डॉक्टर. शॉक, नंतर दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन, नंतर गोळ्या. कानातले आवाज हळूहळू गेले. गेल्या एकोणीस वर्षांत त्याला एकदाही भरती करावं लागलेलं नाही.

मग लोक विचारतात, "बरा झाला ना? मग दिवसभर बसून का असतो?" आणि मागे हळूच, "आळशीच आहे. ताईंनी लाडावलाय."

आता हे जरा नीट ऐका. चाळीस वर्षं पोरांना शिकवलंय, एवढं समजावून सांगता येईल. या आजाराची लक्षणं दोन तऱ्हेची असतात. नसलेले आवाज ऐकू येणं, कुणी पाळतीवर आहे असं वाटणं, ही एक तऱ्हा. ती सगळ्यांना दिसते आणि गोळ्यांनी बऱ्याच जणांची आटोक्यात येते. दुसरी तऱ्हा म्हणजे मनातली उमेदच आटणं. आंघोळीला उठावंसं न वाटणं, बोलणं कमी होणं, चेहऱ्यावर काही न उमटणं. यावर गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. इथे माणसं लागतात, ठरलेली वेळ लागते, हाताला झेपेल एवढं काम लागतं. याला पुनर्वसन म्हणतात, आणि तो उपचाराचाच भाग आहे. आपण मात्र म्हणतो, आधी पूर्ण बरा होऊ दे, मग काम देऊ! पाय मोडलेल्याला आपण म्हणतो का, की आधी धावून दाखव, मग कुबड्या देतो?

आठ वर्षांपूर्वी तो एका डे-केअर सेंटरमध्ये जायला लागला. कागदी पिशव्या करायच्या, वाती वळायच्या, दुपारी सगळ्यांनी मिळून डबा खायचा. पहिले तीन महिने मी रोज ओढत नेत असे. चौथ्या महिन्यात एका सकाळी तो स्वतःच विचारता झाला, "ताई, आज डब्यात काय?" तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

ते सेंटर बंद पडलं. आजूबाजूच्या बिऱ्हाडांनी तक्रार केली, वेड्यांची ये-जा नको म्हणून. सगळी शिकलेली माणसं. घरमालकानं करार वाढवला नाही. त्यानंतर भाऊ आठ महिने खुर्चीतून उठला नाही.

आणि सरकार? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचून पाहा. कलम १९ सांगतं की घरचे नेत नाहीत, घरच नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणासाठी कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. हाफवे होम आणि छोटी सामूहिक घरं ही सोय सरकारनं करायची. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात, बरी झालेली माणसं मनोरुग्णालयांतून भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात पाठवणं बंद करा, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं. भिक्षेकरी गृहात! माझ्या जिल्ह्यात असं एखादं घर असावं म्हणून मी तीन अर्ज केले. दोनांची पोच मिळाली.

पण सरकारला शिव्या देणं सोपं आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाईकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, त्यांची भीती गेली आणि ते आपल्या माणसाला घेऊन घरी गेले. तिथे तंबूत राहायला तयार होणारी माणसं होती. आपल्याकडे एका पंगतीत शेजारी बसायची तयारी नाही. "येरवड्याला पाठवा" हा आपला विनोद, आणि "ताई, त्याला कायमचं कुठेतरी ठेवा, तुम्ही तरी सुटाल" ही आपली काळजी.

मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे बोलतात, साखर आहे. माझ्यामागे त्याला गोळी कोण देणार, हा विचार रोज रात्री दिवा घालवल्यावर येतो. पैशाचं मी पाहिलं आहे, पैसे मागत नाही. महिन्यातून एकदा कुणी येऊन त्याच्याशी कॅरम खेळावं, एवढंच मागते आहे. इतक्या वर्षांत सख्ख्या-चुलत मिळून किती जण आले, ते ज्याचं त्यानं मोजावं.

सध्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात तो रोज दोन तास वह्या मोजून गठ्ठे बांधतो. मोजणीत चूक नसते, असं तो विद्यार्थी सांगतो. महिन्याला थोडे पैसे मिळतात. वहिनी, त्यातून त्यानं नव्या सुनेसाठी पाकीट भरून ठेवलंय आणि पांढरा सदरा इस्त्रीला दिलाय. आम्ही मुहूर्ताच्या तासभर आधी येऊ. जेवायला दोघं धरा.