युद्धकाळातील कारखाने आणि कामगारांचा अधिकार

कारखान्यात काय निर्माण व्हावे हे बाजारच ठरवील, त्यात समाजाने हस्तक्षेप करू नये, असे आपणांस वारंवार ऐकविले जाते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचा अनुभव याविरुद्ध साक्ष देतो.

डिसेंबर १९४० मध्ये मोटारकामगार संघटनेचे नेते वॉल्टर रूथर यांनी एक योजना मांडली. मोटारधंद्यातील पडून असलेली उत्पादनक्षमता एकत्र करून दिवसाला ५०० विमाने बांधावीत आणि या कामाच्या नियंत्रणात सरकार व मालक यांच्या बरोबरीने कामगारांनाही स्थान असावे, असे तिचे सूत्र होते. मोटारींची यंत्रे विमानांसाठी निरुपयोगी आहेत, असे सांगून मालकांनी ती धुडकावली. तेव्हा मोटारींच्या विक्रीला तेजी होती, हे विसरता येत नाही. पुढे पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सरकारी आदेशाने खासगी मोटारींचे उत्पादन बंद पडले. तेच मोटारकारखानदार रणगाडे, तोफा व विमाने बनवू लागले. मिशिगनमधील विलो रन येथे फोर्ड कंपनीने ८,६८५ बी-२४ बॉम्बफेकी विमाने तयार केली.

मालकांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. विलो रनसाठी नवी इमारत व नवी यंत्रसामग्री लागली. परंतु तो खर्च सरकारी तिजोरीतून झाला, आणि युद्ध संपताच तो कारखाना एका खासगी मोटारकंपनीकडे गेला. उत्पादनाचे नियोजन झाले, पण मालकी व अधिकार यांचा प्रश्न जागच्या जागीच राहिला. म्हणूनच युद्धकालीन नियोजनाला समाजवाद म्हणणे ही आत्मवंचना ठरेल.

या प्रश्नाची दुसरी बाजू १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये दिसली. ल्यूकस एअरोस्पेस कंपनीचे बरेचसे काम लष्करी होते. नोकरकपातीचे संकट समोर असता तेथील कामगार प्रतिनिधींनी सुमारे १५० समाजोपयोगी वस्तूंची योजना तयार केली. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे, उष्णतापंप, रस्ता व रूळ या दोहोंवर धावणारे वाहन यांचा तीत समावेश होता. व्यवस्थापनाने ती नाकारली.

रूथर यांची योजना शस्त्रांसाठी होती, ल्यूकसच्या कामगारांची जीवनोपयोगी वस्तूंसाठी. दोन्ही वेळा कौशल्य कामगारांपाशी होते आणि नकाराधिकार मालकांपाशी. संरक्षणाच्या नावाने खासगी कंपन्यांना सार्वजनिक पैसा दिला जाईल तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत : हिशेब खुले असावेत, त्या पैशातून उभी राहिलेली साधनसामग्री समाजाच्या मालकीची राहावी, आणि शांततेच्या काळात तिचा विनियोग कामगारांच्या संमतीने ठरावा.