विषाच्या डब्यावरील रंग व त्यामागील आंकडा

शेतकी औषधाच्या प्रत्येक डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याचे मधोमध दोन त्रिकोण केलेले असून खालच्या त्रिकोणास तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं हें चिन्ह शेंकडों वेळां पाहिलें असेल. परंतु हा रंग कशावरून ठरतो असें विचारल्यास दहांत एक गृहस्थ तरी नीट उत्तर देईल कीं नाहीं याची मला शंका आहे. कित्येकांची तर अशी समजूत आहे कीं, तांबडें तें जोरदार, हिरवें तें नरम, आणि कीड दांडगी असेल तर तांबडेंच घ्यावें. मनोरच्या बाजारांत हा हिशेब मीं स्वतः ऐकला आहे. तो समूळ चुकीचा असल्यामुळें या विषयावर चार शब्द लिहिणें अवश्य वाटलें.

रंगाचा संबंध किडीशीं मुळींच नाहीं. तें द्रव्य पोटांत गेलें किंवा कातडीस लागलें असतां किती घातक होतें, एवढेंच तो सांगतो. ही घातकता मोजण्याची रीत ट्रेव्हन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२७ सालीं बसविली. त्या वेळीं तिचा हेतु निराळा होता. डिजिटालिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांच्या निरनिराळ्या घाण्यांचा जोर सारखा आहे कीं नाहीं हें पडताळण्यास एक स्थिर माप हवें होतें. एकाच जातीच्या प्राण्यांस सारखी मात्रा दिली तरी कांहीं लौकर मरतात व कांहीं तग धरतात. सर्वांत हळव्या किंवा सर्वांत चिवट प्राण्यावरून माप धरल्यास तें डळमळीत राहतें. म्हणून ज्या मात्रेनें निम्मे प्राणी मरतील ती मात्रा प्रमाण मानावी असें त्यानें ठरविलें. हिलाच एलडी ५० म्हणतात. आपण तीस अर्धमारक मात्रा म्हणूं. प्राण्याच्या दर किलो वजनामागें इतके मिलिग्रॅम, असा तिचा आंकडा लिहितात. आंकडा जितका लहान तितकें विष जहाल, हें उलटें गणित प्रथम ध्यानांत ठेविलें पाहिजे.

प्रयोग असा करतात. तरुण व निरोगी पांढरे उंदीर रात्रभर उपाशी ठेवितात. सकाळीं वजन करून बारीक नळीनें तें द्रव्य एकदांच थेट जठरांत सोडतात, आणि पुढें चौदा दिवस नजर ठेवितात. अंग थरथरणें, लाळ गळणें, झांपड, आंचके, वजन घटणें, सर्व टिपून ठेवितात. मेलेल्यांची, व शेवटीं वांचलेल्यांचीही, चिरफाड करून आंतील इंद्रियें तपासतात. जुन्या रीतींत एका द्रव्यापायीं पन्नास-शंभर उंदीर सहज खर्ची पडत. आर्थिक सहकार्य व विकास संघटना या नांवाच्या राष्ट्रसंघटनेच्या नियमांप्रमाणें हे प्रयोग देशोदेशीं चालतात. तिनें १९८१ सालीं घालून दिलेली ती रीत २००२ सालीं रद्द केली. आतांच्या एका रीतींत तीन-तीन उंदरांस ५, ५०, ३०० व २००० या ठराविक पायऱ्यांपैकीं एक मात्रा देतात, आणि त्यांतील किती जगले यावरून वरच्या पायरीस जावें कीं खालच्या, हें ठरवितात. जीवदयेच्या मंडळींनीं यासाठीं पुष्कळ वर्षें आरडाओरड केली, व या एका बाबतींत ती रास्त होती असें माझें मत आहे. द्रव्य कोणत्या वर्गांत बसतें एवढेंच जर आपणांस हवें, तर आंकडा अपूर्णांकापर्यंत काढण्यास शंभर जीव घालविण्यांत शहाणपण नव्हतें. परंतु प्रयोगच नको म्हणणारांशीं मी सहमत नाहीं. उंदरावर न पाहिलेलें विष प्रथम फवारणाऱ्या मजुरावर पाहिलें जाईल, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आपल्या देशांत या गोष्टीचा कायदा होण्यास मोठा अनर्थ व्हावा लागला. १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन या विषाचा संसर्ग झालेलें गव्हाचें पीठ खाऊन १०० हून अधिक माणसें दगावलीं. पुढें चौकशी झाली, १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, व १९७१ च्या नियमांनीं डब्यावरील रंग ठरले. उंदराच्या तोंडावाटें अर्धमारक मात्रा १ ते ५० असल्यास तांबडा रंग व कवटी, ५१ ते ५०० असल्यास पिवळा, ५०१ ते ५००० असल्यास निळा, व त्याहून अधिक असल्यास हिरवा. निंबोळींतील अझाडिरॅक्टिन हें हिरव्यांत येतें. गंमत अशी कीं, आपल्या जेवणांतील मिठाची उंदरांतील मात्रा सुमारें ३००० असल्यामुळें त्याचा डबा करून विकल्यास त्यास निळा त्रिकोण लावावा लागेल. निळ्याची भीति बाळगूं नये असें मी म्हणत नाहीं. वर्ग किती रुंद आहेत एवढेंच यावरून दिसावें.

तांबड्या वर्गाचा हिशेब मात्र प्रत्येक खातेदारानें एकदां कागदावर करून पाहावा. मोनोक्रोटोफॉसची मात्रा सुमारें १४ आहे. पन्नास किलो वजनाच्या माणसास तेंच प्रमाण लावलें तर ७०० मिलिग्रॅम होतात, आणि ३६ टक्क्यांच्या द्रावणांत एवढें विष अवघ्या दोन मिलिलिटरांत मावतें. चहाचा अर्धा चमचाही भरत नाहीं. २०१३ सालीं बिहारांत सारण जिल्ह्यांतील एका शाळेंत दुपारच्या जेवणांत हेंच विष गेलें व २३ मुलें मेलीं. फोरेट, ज्यास आपल्याकडे भाताच्या रोपांस टाकणारे लोक थायमेट म्हणत, त्याची मात्रा तर २ च्या आसपास. म्हणजे दहा टक्क्यांच्या दाण्यांचा एक ग्रॅम पुरे. हे दाणे नुसत्या हातानें फेंकलेले मीं पाहिले आहेत. २०१८ च्या सरकारी आदेशान्वयें २०२० अखेर फोरेट बंद झालें. कोणाच्या पडवींत भाताच्या कणगीशेजारीं जुनी पिशवी राहिली असेल तर केरळचें पीठ आठवावें.

हा आंकडा माणसास कितपत लागू पडतो, ही यापुढची गोष्ट. महसूल खात्यांत कारकुनी करतांना पैसेवारीचें काम मीं वर्षानुवर्षें पाहिलें, व मला दोहोंत फार साम्य दिसतें. गांवांतील निवडक शेतांत ठराविक मापाचा तुकडा आंखून पीक कापतात, झोडून वजन करतात, आणि त्यावरून साऱ्या गांवाची पैसेवारी निघते. ५० च्या खालीं आली तर टंचाई, वर आली तर नाहीं. गांवची पैसेवारी साठ निघाली म्हणून ज्याचें खाचर पुरांत वाहून गेलें त्याच्या कणगींत भात येत नाहीं. तरीपण पैसेवारी अजीबात नसती तर तालुक्यांतील कोणत्या गांवास आधीं सूट द्यावी हें कशावरून ठरविलें असतें? उंदरावरचा आंकडाही असाच आहे. विषांची प्रतवारी लावण्यास तो उपयोगी आहे; अमक्या माणसाचें काय होईल हें सांगण्यास तो अपुरा आहे.

अपुरा म्हणजे किती, याचें उदाहरण श्रीलंकेंत मिळालें. क्लोरपायरीफॉस व डायमेथोएट या दोन्ही द्रव्यांची उंदरांतील मात्रा जवळजवळ सारखी, १३५ व १५० च्या सुमारास, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें दोन्ही एकाच वर्गांत घातलीं आहेत. तेथील इस्पितळांत आलेल्या विषबाधितांचा हिशेब २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत क्लोरपायरीफॉस पोटांत गेलेल्यांपैकीं शेंकडा ८ दगावले होते, व डायमेथोएटचे शेंकडा २३. उंदराच्या दृष्टीनें किंचित् सौम्य ठरलेलें द्रव्य माणसास जवळजवळ तिप्पट घातक निघालें. पॅराक्वाट या तणनाशकाची कथा याहून वाईट आहे. त्याचा त्रिकोण पिवळा. पण दाट द्रावणाचा एक घोंट गेला तर हळूहळू फुप्फुसें निकामी होतात आणि त्यावर उतारा नाहीं. श्रीलंकेनें तें बंद केलें. आपल्याकडे पिवळा रंग पाहून पुष्कळ लोक तें निर्धास्तपणें घरांत ठेवीत आले आहेत.

शिवाय फवारणारा मनुष्य विष पीत नाहीं. तें त्याच्या पाठीवरून गळतें, घामाबरोबर कातडींत मुरतें, वाऱ्यानें नाकांत जातें. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशी डोक्याएवढी वाढली होती, व तींत शिरून फवारणी करणाऱ्यांपैकीं २० हून अधिक माणसें मेलीं, शेंकडों इस्पितळांत पडलीं. त्यांनीं तोंडास कांहीं लाविलें नव्हतें. १९८४ सालीं भोपाळांत हजारों लोक मेले, तेही श्वासावाटें. आपल्या पश्चिमेस बोईसर-तारापूरची वसाहत आहे, जेथें नाना तऱ्हेचीं रसायनें तयार होतात. तेथील धुराचा किंवा सांडपाण्याचा विचार करतांना कोणी नुसता पोटांतील आंकडा पुढें केला तर तो अपुरा आहे असें सांगण्याची तयारी आपली असावी. एकदांच दिलेल्या मात्रेचा चौदा दिवसांत काय परिणाम होतो, एवढेंच तो जाणतो. वर्षांनुवर्षें थोडें थोडें अंगांत गेल्यास काय होतें, किंवा दोन औषधें एका पंपांत कालविल्यास काय होतें, यांविषयीं तो मुका आहे. आणि कालवण्याची तर आपल्याकडे संवयच झाली आहे.

आतां आपल्या हातीं असलेल्या गोष्टीकडे वळतों. डबा विकत घेतों आपण, व पंप पाठीवर घेतो बहुधा आपला वारली किंवा कातकरी मजूर. त्रिकोण पाहतों आपण, आणि त्याच्या हातीं पडतें तें बाटलींत ओतून दिलेलें, नांव नसलेलें पाणी. त्यास आपण "औषध" म्हणतों, म्हणून तोही औषध म्हणतो. ज्या शब्दानें दवाखान्यांतील गोळी ओळखावी त्याच शब्दानें हें विष ओळखण्याची ही रूढि कोणी पाडली कोण जाणे. पुढें त्यास चक्कर आली व दवाखान्यांत नेला तर डॉक्टरनें विचारावें कीं काय फवारलें, आणि कोणासच सांगतां येऊं नये. मोनोक्रोटोफॉस किंवा डायमेथोएटच्या बाधेवर ॲट्रोपीन देतात. पॅराक्वाटवर त्याचा उपयोग नाहीं. नांव न कळल्यास पहिला तास तर्क करण्यांत जातो.

माझी सूचना अशी कीं, आपल्या संघाच्या विक्रीकेंद्रानें कोणतेंही विष सुटें मोजून देऊं नये, मग गिऱ्हाईक कितीही जवळचें असो. केंद्रांत एक फळा लावावा. त्यावर प्रत्येक औषधाचें मूळ रासायनिक नांव, त्रिकोणाचा रंग, पोटांतील व कातडीवरील दोन्ही मात्रा, व उतारा आहे कीं नाहीं, हें मोठ्या मराठी अक्षरांत लिहावें. डब्यासोबतच्या पत्रकांतील अक्षर इतकें बारीक असतें कीं माझ्या वयाच्या माणसास चष्मा लावूनही वाचवत नाहीं. जेथें निळ्या किंवा हिरव्या वर्गांतील औषधानें काम भागतें तेथें तांबडें मागवूंच नये. फवारणीच्या दिवशीं डबा बांधावर मजुराजवळ ठेवावा, व बाधा झाल्यास रोग्याबरोबर तोच डबा गाडींत घालावा. फरीदाबाद येथील नोंदणी समितीकडेही संघानें अर्ज करावा कीं, रंगाबरोबर प्रत्यक्ष आंकडाही डब्यावर छापावा, आणि माणसांच्या विषबाधेचा जो अनुभव इस्पितळांत सांठला आहे त्यावरून पॅराक्वाटसारख्या द्रव्यांचा वर्ग पुन्हां तपासावा. अशा अर्जांस उत्तर यावयास काळ लागतो हें मी इतर कोणाहून चांगलें जाणतों. तरी आवक-क्रमांक पडलेला अर्ज दप्तरीं असणें बरें.

या गोष्टी येत्या सर्वसाधारण सभेंत, व खरिपाची खरेदी ठरण्यापूर्वीं निघाव्या. एकदां माल गोदामांत येऊन पडला म्हणजे तो खपविण्याकडेच सर्वांचा कल होतो.