बोली मराठीत, सही न वाचलेल्या कागदावर

जुनी मोटार घेणे ही आता केवळ शहरी हौस राहिलेली नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातील खेड्यांत उसाचे बिल हाती आले किंवा मुलाला नोकरी लागली की दारात चारचाकी यावी असे वाटू लागते. नव्या गाडीला पैसे पुरत नाहीत. मग पाय बेळगाव किंवा कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे वळतात. यात गैर काहीच नाही. गैर आहे ती सौद्याची रीत. व्यापारी गोड मराठीत सांगतो की गाडी एकाच मालकाची आहे, किलोमीटरचा काटा अस्सल आहे, इंजिनाला अजून कोणी हात लावलेला नाही. चहा होतो, इसार दिला जातो आणि मग पुढ्यात इंग्रजी किंवा कन्नड छापील कागद येतो. सही कोठे करायची तेवढे बोटाने दाखविले जाते. पंधरा दिवसांत गिअरबॉक्स कुरकुरू लागतो, इंजिन धूर ओकू लागते. तक्रार घेऊन गेले की व्यापारी तोच कागद पुढे करतो. गाडी आहे त्या स्थितीत पसंत करून घेतली, पुढे कसलीही तक्रार नाही, असे तुम्हीच लिहून दिले आहे, असे तो ऐकवतो.

सीमाभागातील ग्राहकाचे दुखणे नेमके येथे आहे. बोली झाली ती मराठीत, पण तिचा पुरावा उरला नाही. पुरावा उरला तो न वाचलेल्या कागदाचा. आम्ही कोणत्याही भाषेचा दुस्वास करीत नाही. शेजाऱ्याची कन्नड शिकावी, इंग्रजीही शिकावी. पण जी भाषा आपल्याला वाचता येत नाही तिच्यातील कागदावर लाखो रुपयांची सही करणे हा भाषाप्रेमाचा प्रश्न नसून पोटाचा प्रश्न आहे.

कायदा या बाबतीत ग्राहकाला वाऱ्यावर सोडत नाही. मालविक्रीचा कायदा 1930 सालचा आहे. घेणाऱ्याने पारखून घ्यावे हे त्याचे मूळ सूत्र खरे; पण त्याच कायद्याच्या 16 व्या कलमात त्याला महत्त्वाचे अपवाद आहेत. माल कशासाठी हवा हे ग्राहकाने सांगितले असेल आणि तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, तर माल त्या कामाला योग्य असावाच लागतो. मात्र जो दोष गाडी तपासताना सहज दिसला असता, त्याबद्दल मालाच्या दर्जाची हमी मागून सांगता येत नाही. म्हणजे पत्र्यावरचा पोचा आपल्या माथी, इंजिनात दडवलेला बिघाड व्यापाऱ्याच्या माथी, असा हा ढोबळ हिशेब आहे. जुन्या गाडीचे टायर आणि क्लच झिजलेले असणारच. त्यासाठी भांडत बसण्यात अर्थ नाही.

पण याच कायद्याचे 62 वे कलम सांगते की, अशी हमी उभयपक्षी करार करून काढूनही टाकता येते. 'आहे त्या स्थितीत' हे शब्द छापण्यामागचे इंगित हेच. न वाचता केलेली सही आपली बाजू लंगडी करते ती यामुळे. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. काटा मागे फिरवणे, अपघातात मोडलेली गाडी रंगवून धडधाकट म्हणून विकणे, पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी करणे, ही जाणूनबुजून केलेली लपवाछपवी आहे. 1872 च्या करार कायद्याच्या भाषेत ती फसवणूक ठरते, आणि कसल्याही छापील वाक्याने फसवणूक शुद्ध होत नाही. आपल्या भागाने 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले आहेत. तेव्हा सीटखालच्या पट्ट्यांत अडकलेला गाळ, वायरींच्या जोडांवरचा गंज आणि टोकापर्यंत ओढल्यावर डाग दाखवणारा सीटबेल्ट, एवढे तरी आपल्या मिस्त्रीकडून बघून घ्यावे.

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा आता 2019 च्या कायद्याने घेतली असून तो जुलै 2020 पासून अमलात आहे. सीमाभागाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोलाची तरतूद 34 व्या कलमात आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार नेता येते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून गाडी घेतलेल्या निपाणीकराला कोल्हापूरचे हेलपाटे नकोत. बेळगाव जिल्ह्यात दाद मागता येते. बेळगावात फसलेल्या चंदगडकराला कोल्हापूर मोकळे आहे. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत मात्र 2 वर्षांची आहे. आयोग दोष दूर करून देण्याचा, पैसे परत देण्याचा किंवा भरपाईचा आदेश देऊ शकतो. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी वडापची जीप घेणाराही या कायद्याने ग्राहकच आहे. पण गावातल्या पाहुण्याकडून परस्पर गाडी घेतली असेल तर हे दार उघडत नाही, कारण तो पाहुणा काही व्यापारी नव्हे.

व्यापाऱ्यावरही आता सरकारी बंधन आले आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घेणे आवश्यक झाले असून त्याची मुदत 5 वर्षांची असते. ते पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. गाडी दुसऱ्या राज्यातील पासिंगची असेल तर ना-हरकत दाखला, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद आणि कराचा खर्च कोणी सोसायचा, हे आधी ठरवावे. एम.एच. 09 ची गाडी के.ए. 22 च्या मुलखात 12 महिन्यांहून अधिक ठेवायची तर नवी नोंदणी करावीच लागते. नाव बदलण्याचे काम व्यापाऱ्याच्या भरवशावर सोडून देऊ नये.

मग करायचे काय? आमची सूचना साधी आहे. व्यापारी तोंडाने जे सांगतो ते त्याच्याच पावतीवर मराठीत लिहून मागावे. गाडीचा नंबर, काट्यावरचे किलोमीटर, मालक कितवा, अपघात झाला आहे की नाही, पुरात सापडली आहे की नाही, इंजिन व गिअरबॉक्सची हमी किती महिन्यांची, एवढ्या सहा ओळी. त्याखाली त्याची सही, शिक्का आणि तारीख. मराठीत लिहिलेला करार हा कायद्याने करारच असतो. पुढे गरज पडली तर त्याचे भाषांतर जोडता येते. जो व्यापारी मराठीत बोलायला कचरत नाही, तो मराठीत लिहायला का कचरतो, हा प्रश्न त्यालाच विचारावा. तो लिहून देत नसेल तर उत्तर मिळालेच आहे. किल्ली परत देऊन घरी यावे. त्याचा छापील कागद मात्र गावातील मास्तरांकडून किंवा शिकलेल्या पोरीकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

बिघाड निघालाच तर भांडण तोंडी घालू नये. पहिल्याच आठवड्यात लेखी कळवावे आणि त्याची पोच ठेवावी. व्यापाऱ्याने पाहण्याआधी गाडी खोलू नये. खोलावीच लागली तर मिस्त्रीचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि काढलेले सुटे भाग टाकून देऊ नयेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मराठीतही तक्रार सांगता येते. आर.टी.ओ.सारख्या सरकारी कचेरीत गाऱ्हाणे मांडायचे तर घटनेचे 350 वे कलम आपल्याला देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज देण्याचा हक्क देते. तो अर्ज मराठीत द्यावा आणि पोच मागून घ्यावी.

मायबोलीचा अभिमान सभेत मिरवणे सोपे असते. व्यापाऱ्याच्या टेबलापाशी, खिशातले पैसे बाहेर काढण्यापूर्वी, 'हे मराठीत लिहून द्या' असे शांतपणे म्हणणे थोडे अवघड आहे. पण हे एक वाक्य गावागावांतील ग्राहक म्हणू लागला, तर मराठीत पावती देणे व्यापाऱ्यालाही फायद्याचे वाटू लागेल, आणि आपले पैसेही बुडणार नाहीत.